पास्कलचा स्टार्टर

किस्से गंजासारखे असतात. त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही. चार माणसं एका जागी बरीच वर्षं पडून राहिली की आपोआप चढतात! आणि आमचा विक्रोळीचा कारखाना तर पंपांचा, म्हणजे गंजाला लागणारं पाणीसुद्धा घरचंच.

आम्ही जुने लोक भेटलो की बंड्या अजून पहिलं हेच विचारतो, "बोला, स्टार्टरचा कुठला सांगू?" घरातल्या सुना-जावयांना वाटतं, चालली पंपाच्या स्टार्टरची चर्चा. पण आमचा स्टार्टर म्हणजे गिटार. इलेक्ट्रिक गिटार. मूळ अमेरिकन मॉडेलचं नाव स्ट्रॅटोकास्टर. पंपवाल्यांच्या जिभेवर ते काही बसेना. स्टार्टर एका दिवसात बसलं!

आमच्या कारखान्याचा ऑर्केस्ट्रा होता. मी ड्रॉइंग ऑफिसात. मला एकही वाद्य येत नव्हतं, म्हणून मला अनाउन्सर केलं.

*

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. गिटारवर पास्कल असायचा. असेंब्लीतला फिटर, राहणारा मनोरीचा. घरात मराठी, चर्चमध्ये गिटार, असं दोन्हीकडे वाढलेला. त्याची गिटार साधी, पोकळ लाकडाची. तिच्या तोंडाशी माइक धरायचा. ड्रमवर बंड्या, टेस्टिंगमधला. बंड्यानं काठ्या उचलल्या की माइक, गिटार आणि पास्कल तिघंही वाया!

"यार, मी नुसते हात हलवतो," पास्कल म्हणायचा. "कुणाला कळणारे?"

एके दिवशी तो जेवणाच्या सुट्टीत एक चुरगळलेलं पान घेऊन आला. परदेशी मासिकाचं पान. त्याचा मावसभाऊ इनास जहाजावर होता. त्यानं पाठवलेल्या साबणाच्या वड्या त्या पानात गुंडाळलेल्या होत्या. पानभर एका गिटारचा फोटो. दोन शिंगं, त्यातलं एक लांब, एक आखूड. तारा पिळायच्या सहाही खुंट्या एकाच बाजूला, रांगेत. पोटात पोकळी नाहीच, सगळं भरीव लाकूड.

"ही खरी गिटार!" पास्कल म्हणाला. "तारांखाली तीन ठिकाणी चुंबकं असतात, त्यांना गुंडाळलेली तांब्याची वायर. तार हलली की त्यात वीज होते, ती अ‍ॅम्प्लिफायरला जाते. पन्नासच्या दशकातलं मॉडेल आहे. अजून कुणी आकाराला हात लावलेला नाही. आणि गंमत सांगू? ज्यानं ही काढली तो रेडिओ दुरुस्त करायचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती!"

शेजारी परबकाका डबा खात बसले होते. पॅटर्न शॉपचे सुतार, ओतकामासाठी लाकडाचे नमुने बनवायचे. मालवणकडचे. त्यांनी पान हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"जेना केल्यान, तेकाच वाजवूक येना नाय?"

"नाही ना, काका."

"माका पण येना नाय," काका म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं. "झाला तर मग. करूया!"

*

वेल्फेअर ऑफिसरनं परवानगी दिली. भंगारातलं लाकूड घ्या, सुट्टीत काम करा, पण वार्षिक कार्यक्रमात गिटार वाजली पाहिजे! खरी स्ट्रॅटोकास्टर आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. होतं ते साबणाच्या वासाचं ते एक पान.

काकांनी आधी गिटारची मान केली. सुंदर, गुळगुळीत. वर पितळेच्या पट्ट्या ठोकल्या, त्यांना फ्रेट म्हणतात. सगळ्या पट्ट्या अगदी समान अंतरावर. शिडी बघावी तशी! पास्कलनं तारा चढवून वाजवायला सुरुवात केली आणि कॅन्टीनमधल्या पोऱ्यानं विचारलं, "मांजर कुठं अडकलंय?"

"काका, समान अंतर नाही चालत," पास्कल म्हणाला. "वर वर जाल तसं अंतर कमी होत जातं."

काकांना ते पटेना. सुतारकामात अंतर चुकलं म्हणजे माणूस चुकला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हिशेब मांडून ड्रॉइंग काढून दिलं. ते त्यांनी नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"म्हंजे आमच्या पगारवाढीसारख्या! जितको माणूस वर, तितकी वाढ कमी!"

सुदैवानं या मॉडेलची मान शरीराला चिकटवलेली नसते, नुसती स्क्रूनं आवळलेली असते. बिघडली तर काढा, दुसरी लावा. त्या रेडिओवाल्याचा विचारच तसा, वस्तू दुरुस्त करता आली पाहिजे. काकांनी चुकलेली मान काढून नवी लावली. जुनी मान फेकली मात्र नाही. काकूंनी तिच्यानं वर्षभर पापड लाटले.

*

मग रंगाचा प्रश्न आला. पास्कलला हवा होता पिवळ्यातून काळ्याकडे जाणारा, सूर्य मावळताना दिसतो तसा. पेंट शॉपवाले म्हणाले, "आमच्याकडे एकच रंग आहे." पंपाचा हिरवा!

पास्कलचं तोंड पडलं. मग त्याला कुठून तरी आठवलं की तिकडेसुद्धा गिटारला मोटारगाड्यांचे रंग मारायचे. फॅशनमध्ये असलेल्या गाडीचा जो रंग, तो गिटारचा रंग. "मग काय," तो म्हणाला, "त्यांच्याकडे गाड्या, आपल्याकडे पंप!"

गिटार झाली. पहिल्यांदा घरी न्यायची म्हणून पास्कल ती खांद्याला लावून गेटवर आला. वॉचमन नवीन होता, कडक. त्यानं हिरवा रंग बघितला आणि आडवा झाला.

"पंपाचा पार्ट कुठं घेऊन चालला?"

"पार्ट नाही हो, गिटार आहे."

"गिटार? वाजवून दाखव."

पास्कलनं वाजवली. आता भरीव लाकडाची गिटार, अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्याशिवाय तिचा आवाज किती येणार? डास गुणगुणतो तेवढा. वॉचमननं कान पुढे केला, मागे घेतला.

"आवाज कुठं आहे?"

पास्कल भोळेपणानं खरं तेच बोलला, "आवाज नाहूरला आहे. बंड्याच्या घरी."

अ‍ॅम्प्लिफायर खरंच बंड्याच्या घरी होता! पण पास्कलला त्या दिवशी गेटवरून वेल्फेअर ऑफिसरनं येऊन सोडवलं.

*

एक छोटा किस्सा. मूळ गिटारला तारा जिथं टेकतात त्या पुलावर एक चकचकीत धातूचं झाकण असतं. आमच्या प्रेस शॉपमधल्या पोरांनी स्टीलच्या पत्र्याचं झकास झाकण दाबून दिलं. आरशासारखं पॉलिश. पास्कलनं पहिल्याच दिवशी काढून ठेवलं, वाजवताना हाताला लागतं म्हणून. पोरं रुसली. पास्कल म्हणाला, "अरे, तिकडचे वाजवणारेपण काढूनच ठेवतात. त्यात सिगारेटची राख झाडतात."

आमच्यात सिगारेट कुणी ओढत नव्हतं. मग वाया कशाला घालवा? तालमीच्या दिवशी त्यात शेंगदाण्याची चटणी यायची.

*

त्या तीन चुंबकांवर वायर गुंडाळली ती शालनताईनं. वायंडिंग सेक्शनमध्ये तिच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. केसाहून बारीक तार, तुटली की पहिल्यापासून. तिनं ती न तोडता गुंडाळली, तोंडानं गाणं म्हणत. शालनताई आमची गायिकापण होती.

पण या गिटारच्या चुंबकांचा एक स्वभाव आहे. ट्यूबलाइट, वायरी, ट्रान्सफॉर्मर, आजूबाजूला जे काही असेल त्याची घरघर ती पकडतात. घूंऽऽऽ असा आवाज सुरू. मूळ अमेरिकन गिटारचंसुद्धा तेच. त्यावर उपाय एकच, गिटार घेऊन वळत राहायचं. एखाद्या दिशेला तोंड केलं की घूं बंद होतो.

अंधेरीच्या एका गावठणात चर्चच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक सणाला, आमचा कार्यक्रम होता. चहूकडे ट्यूबलाइटच ट्यूबलाइट. पास्कल स्टेजवर आला आणि घूंऽऽऽ! तो जरा डावीकडे वळला, घूं. उजवीकडे, घूं. अजून थोडा उजवीकडे, आणि एकदम शांतता. तो तिथंच थांबला आणि पूर्ण कार्यक्रम त्याच दिशेला बघत वाजवला.

त्या दिशेला, दुसऱ्या रांगेत, निळ्या फ्रॉकमध्ये एक मुलगी बसली होती.

कार्यक्रम संपला आणि मुलीचा भाऊ स्टेजवर चढला. बरोबर दोन दोस्त. भाऊ दाराच्या मापाचा.

"काय रे, मघापासून माझ्या बहिणीकडे काय बघतोस?"

"मी कुठं बघत होतो!" पास्कल म्हणाला. "मी घूं बंद करत होतो."

"काय करत होतास?"

भाऊ बाह्या सरसावायला लागला. तेवढ्यात शालनताई मध्ये पडली. "थांब रे बाबा, दाखवते." तिनं पास्कलचे खांदे धरून त्याला चर्चकडे वळवलं. घूंऽऽ. विजेच्या खांबाकडे वळवलं. घूंऽऽऽऽ. मग त्या मुलीकडे वळवलं. चिडीचूप! पुन्हा खांबाकडे, घूं. पुन्हा मुलीकडे, शांत. मुलगी तोंडावर रुमाल धरून हसत होती.

भाऊ बराच वेळ डोकं खाजवत राहिला.

"आमच्या घरी हिच्याकडे बघितलं की आवाज सुरू होतो," तो म्हणाला. "तुझा बंद होतो. येऊन भेट एकदा मम्मीला!"

पुढच्या वर्षी त्याच चर्चमध्ये पास्कलचं त्या मुलीशी, रोझीशी, लग्न लागलं. शालनताई पहिल्या रांगेत बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "जोड्या काय स्वर्गात जुळतात? वायंडिंगमध्ये जुळतात!"

*

लग्नानंतरचाच पुढचा. भरीव लाकडाच्या पाटाची गिटार छातीशी धरली की कडा बरगड्यांत टोचतात. म्हणून या मॉडेलला मागच्या बाजूनं पोटापाशी खोलगट तासलेलं असतं आणि पुढं हात टेकतो तिथंही उतार दिलेला असतो. वाजवणाऱ्यांनी तक्रार केली म्हणून म्हणे तसं केलं. अंगावर शर्ट बसावा तशी गिटार बसते.

फोटोत पुढचा उतार दिसत होता, मागचं काहीच नाही. तेव्हा काकांनी पास्कललाच उभं केलं, शर्ट वर करायला लावला आणि शिंप्यासारखं पोटाचं माप घेतलं. तेव्हा पास्कल म्हणजे सुकवलेला बोंबील. काकांनी त्या मापानं खोलगटी तासली. इतकी बेमालूम बसली की पास्कल म्हणाला, "काका, गिटार घातलीय की नाही, तेच कळत नाही!"

मग रोझी आली. रोझीच्या हातचं खाणं आलं. दोन वर्षांनी पास्कल तालमीला गिटार घेऊन आला आणि कुरकुरायला लागला. "काका, लाकूड फुगलंय. बसत नाही पहिल्यासारखी. जरा तासून द्या ना."

काकांनी गिटार हातात घेतली, खोलगटीवरून अंगठा फिरवला. मग पास्कलच्या पोटाकडे बघितलं. मग हाक मारली, "बंड्या, माझो रंधो हाड रे!"

बंड्यानं रंधा आणून दिला. काका रंधा घेऊन पास्कलकडे निघाले.

"गिटार बरोबर आसा. शर्ट वर कर!"

*

या गिटारवर एक छोटा स्विच असतो. त्याच्या तीन जागा. एकेका जागेला एकेक चुंबक चालू होतं, म्हणून तीन वेगळे आवाज. पण तो स्विच दोन जागांच्या मधोमध अडकवला, तर दोन चुंबकं एकदम चालतात आणि एक चौथाच आवाज येतो. पातळ, नाकातला, पण असा गोड की काय सांगू! परदेशातल्या वाजवणाऱ्यांनीसुद्धा हे असंच चुकून शोधलं. ते स्विचच्या फटीत काहीतरी खुपसून तो मधोमध अडकवायचे. शेवटी बनवणाऱ्यांनीच पाच जागांचा स्विच काढला.

पास्कलचा स्विच मनोरीच्या खाऱ्या हवेनं गंजला आणि एकदा मधेच अडकला. आवाज ऐकून शालनताईच्या डोळ्यांत पाणी! पण स्विच तिथं टिकेना. मग पास्कलनं फटीत आगकाडी खुपसली. त्या आगकाडीवर आमचं एक गाणं उभं होतं. लोक वन्स मोअर द्यायचे.

घाटकोपरला एका सोसायटीच्या सत्यनारायणाला कार्यक्रम होता. मध्यंतर झालं. पास्कल गिटार खुर्चीवर ठेवून चहाला गेला. मध्यंतरानंतर मी अगदी आवाज लावून जाहीर केलं, "आणि आता, ज्या सुरांसाठी आपण थांबला आहात ते सूर!" शालनताईनं डोळे मिटले. पास्कलनं तार छेडली.

ठण्ण! कोरडा ठणठणीत आवाज. पत्र्यावर खडा पडावा तसा. पास्कलनं स्विच बघितला. फट रिकामी!

तो मान वळवून दबक्या आवाजात म्हणाला, "यार, माझा सूर कुठं गेला?"

मी स्टेजभर नजर फिरवली. मागे ड्रमवर बंड्या बसला होता. एक डोळा मिटलेला, मान तिरकी, चेहऱ्यावर परमानंद.

"सूर बंड्याच्या कानात आहे," मी म्हणालो.

माइक चालू होता.

*

मुलुंडच्या गणपतीचा तर ऐकलाच पाहिजे. या गिटारला एक धातूची बारीक दांडी असते. तारा जिथं टेकतात तो पूल पाठीमागच्या स्प्रिंगांवर तोललेला असतो. दांडी दाबली की पूल कलतो, सगळ्या तारा एकदम सैल पडतात आणि सूर खाली घसरतो. सोडली की परत वर. लाटेवर होडी डुलावी तसा आवाज. आमच्या गिटारची दांडी वरच्या अंगाला होती, भिंतीवरच्या खुंटीसारखी.

कार्यक्रम रंगात होता. शालनताई एक उंच पट्टीतलं गाणं म्हणत होती आणि नगरसेवक आले. नगरसेवकांना पुढं जायचं होतं, त्यामुळे सत्कार आत्ताच, गाणं चालू असतानाच! शालनताईला शाल मिळाली. बंड्याला नारळ मिळाला. पास्कलचे दोन्ही हात गिटारवर. नगरसेवकांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि नारळाची पिशवी सरळ दांडीला अडकवली!

सगळी गिटार हळूहळू खाली जायला लागली. पिशवी झुलत होती, सूर उतरत होता. आता शालनताई सुराला इतकी पक्की की गिटार जिथं जाईल तिथं ती जाणार. तीही उतरायला लागली. आधी मधल्या पट्टीत आली, मग खाली आली, मग आणखी खाली, आणि शेवटच्या ओळीला तर असा घोगरा आवाज लागला की समोर पहिल्या रांगेतलं एक मूल आईला बिलगलं.

टाळ्या! नगरसेवक हेलावून गेले होते. त्यांनी माझ्या हातून माइक घेतला.

"गाणी पुष्कळ ऐकली. पण बाईंनी एकाच गाण्यात बायकोचा आवाज काढला आणि नवऱ्याचाही काढला. असा कलाकार आपल्या मुलुंडमध्ये झाला नाही!"

शालनताई विक्रोळीची होती. पण तिनं काही ते दुरुस्त केलं नाही.

*

आणि मग एकदा खरी आली.

इनास जहाजावरून सुट्टीला मनोरीला आला, तो अस्सल स्ट्रॅटोकास्टर घेऊन! पास्कलनं निरोप धाडला. रविवारी आम्ही सगळे मार्व्याहून फेरीबोटीनं पलीकडे गेलो. परबकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, जणू मुलगी दाखवायला निघालेत. तशी होतीच ती. मांडीवर आमची हिरवी गिटार, गोधडीत गुंडाळलेली.

इनासनं पलंगावर पेटी ठेवली, खटके उघडले. पिवळ्यातून काळ्याकडे जाणारा तो रंग, जसा पास्कलनं मागितला होता तसाच. काकांनी गोधडी सोडली आणि आपली गिटार शेजारी ठेवली.

काहीतरी बिघडलं होतं, पण काय ते कळत नव्हतं. शेवटी बंड्या म्हणाला,

"पास्कल, ह्यांची उलटी आहे रे!"

खरंच! खरीचं लांब शिंग वरच्या बाजूला, आमचं खाली. तिची बटणं खाली, आमची वर. तिच्या खुंट्या वर, आमच्या खाली. तिची दांडी खाली, आमची वर. सगळंच्या सगळं आरशात बघितल्यासारखं!

इनासनं ते साबणवालं पान मागितलं. पास्कलनं ते पाकिटात जपून ठेवलं होतं. गिटारच्या डोक्यावरचं कंपनीचं नाव बरोबर पानाच्या घडीत आलेलं, आम्हाला कधी वाचता आलं नव्हतं. इनासनं पान कपाटाच्या आरशासमोर धरलं आणि घडीतलं नाव वाचून दाखवलं. मग तो पलंगावर पडून हसायला लागला. "फोटो उलटा छापलाय! तुम्ही डावखुऱ्याची गिटार बनवलीत!"

मग त्यानं समजावलं की लांब शिंग वर असतं ते उगाच नाही. पट्टा तिथं अडकवतात, त्यानं तोल राहतो. आमच्या गिटारची मान सारखी खाली जायची. पास्कल इतकी वर्षं ती डाव्या हातानं उचलून धरून वाजवत होता. त्याला वाटायचं, इलेक्ट्रिक गिटार म्हणजे असंच असतं!

पास्कलनं खरी गळ्यात घातली. मान सरळ राहिली. त्यानं वाजवली. पण त्याची करंगळी दरवेळी बटणांना लागे आणि आवाज बारीक होई. दांडी तो वर शोधत होता, ती खाली. पाच मिनिटांनी घाम पुसत त्यानं ती इनासला परत दिली.

"भारी आहे रे," तो म्हणाला. "पण हिच्यात काहीतरी चुकलंय."

सगळ्यांनी हळूच परबकाकांकडे बघितलं. वाईट वाटलं असेल, म्हणून शालनताई काही बोलणार, तेवढ्यात काकांनी आपली गिटार उचलून पुन्हा गोधडीत गुंडाळायला घेतली.

"फोटो बरोबर आसा," ते म्हणाले. "गिटार उलटी छापल्यानी!"

*

परबकाका रिटायर झाले तेव्हाचा एक सांगतो.

शेवटची दोन-तीन वर्षं काका तालमीला येत नव्हते. विचारलं की म्हणायचे, "गुडघे दुखतत." आम्हाला ते खरं वाटायचं. मग एकदा शालनताईनं त्यांना मागून हाक मारली, एकदा, दोनदा, तीनदा. काका ढिम्म. पुढं जाऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकून वळले. करवतीच्या मशीनजवळ सगळं आयुष्य गेलेलं. कान गेले होते. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते गप्पा मारत होते आणि कुणाला कळू देत नव्हते. तालमीत मात्र ओठ बघून काय कळणार? म्हणून येणं बंद.

निरोपाचा समारंभ कॅन्टीनमध्ये होता. काकूपण आल्या होत्या. भाषणं झाली, काकांनी सगळ्या भाषणांना अंदाजानं मान डोलावली. मग आम्ही वाजवायला उभे राहिलो. काका समोर खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होते. नुसते बघत होते. बंड्याला ते सहन होईना, तो ड्रमकडे तोंड करून वाजवत होता.

एक गाणं झालं आणि काका उठले. सरळ पास्कलपाशी आले. गिटारच्या खालच्या लांब शिंगावर हात ठेवला. पास्कल थांबला.

"वाजव," काका म्हणाले.

पास्कलनं तार छेडली. काका वाकले आणि ते शिंग त्यांनी दातांत धरलं! पण दात म्हणजे कवळी. तार वाजली तशी कवळी अशी खुळखुळली की सगळं कॅन्टीन हसलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. काकाही हसले. त्यांनी कवळी काढली, रुमालात बांधून खिशात टाकली. मग खुर्ची ओढून पास्कलच्या पुढ्यात बसले आणि कानानं नाही तर हाडानं ऐकावं म्हणून जबडा त्या लाकडावर टेकवला. डोळे मिटले. हातानं खूण केली, वाजव.

पास्कल एकटाच वाजवत राहिला. बंड्यानं काठ्या खाली ठेवल्या. शालनताई गायची थांबली. त्या एवढ्या मोठ्या कॅन्टीनमध्ये फक्त ती गिटार चालू होती आणि काकांचं डोकं तिच्यावर टेकलेलं. मधेच त्यांच्या भुवया वर जायच्या, मधेच एक बोट मांडीवर हलायचं. कुणी चहाचा कप उचलत नव्हतं.

गाणं संपलं. काका तसेच. आम्हाला वाटलं, झोपले की काय.

"पास्कल," त्यांनी जबडा न उचलता हाक मारली. कवळी नसल्यामुळे शब्द बोबडे येत होते.

पास्कल त्यांच्या डोळ्यांसमोर वाकला. "काय, काका?"

"खालसून दुसरी तार. उतरली आसा."

पास्कलनं ती तार छेडली. कान लावला. परत छेडली. केसभर उतरलीच होती.

मग त्यानं आमच्याकडे एकदा बघितलं आणि खुंटी पिळायला घेतली.